लेड झेपेलिनचा 'बीबीसी सेशन्स': सगळे जे विचारतात ते आणि त्याची उत्तरं

माझ्याकडे लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या या अल्बमची जुनी डबल सीडी आहे हे मित्रमंडळींना कळल्यापासून दर दोन महिन्यांनी कोणीतरी तेच ते प्रश्न घेऊन येतं, कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन उभा असताना. म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून टाकावं. मला जेवढं आवडतं तेवढं जास्त लिहिलंय, बाकीचं थोडक्यात.

हा नक्की कसला अल्बम आहे? लाइव्ह शो आहे का?

अर्धा हो अर्धा नाही. १९६९ आणि १९७१ मध्ये लेड झेपेलिनने बीबीसी रेडिओसाठी जे वाजवलं, त्या जुन्या टेप काढून १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये दोन सीडींवर आणल्या, तो हा अल्बम. पहिल्या सीडीवर १९६९ ची चार सेशन्स, त्यातली तीन रिकाम्या स्टुडिओत आणि एक लोकांसमोर. दुसरी सीडी म्हणजे १ एप्रिल १९७१ चा लंडनच्या पॅरिस थिएटरमधला एक कार्यक्रम. नाव पॅरिस पण जागा लंडनची, लोअर रीजंट स्ट्रीटवरची, पूर्वीचं सिनेमा थिएटर होतं ते बीबीसीने रेडिओसाठी घेतलं होतं, साधारण चारशे माणसं बसतील एवढं. लेड झेपेलिन चारशे लोकांसमोर! आपल्याकडच्या नाट्यगृहात याच्या दुप्पट माणसं मावतात.

रेडिओवाले बँडला बोलावून का वाजवून घ्यायचे? सरळ रेकॉर्ड लावायची ना.

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. तेव्हा ब्रिटनमध्ये 'नीडल टाइम' नावाची भानगड होती, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रेकॉर्डी रेडिओवर दिवसातून किती तास वाजवायच्या याच्यावर मर्यादा. रेकॉर्ड कंपन्यांना वाटायचं फुकट ऐकायला मिळालं तर लोक विकत कशाला घेतील, आणि वादकांच्या युनियनला वाटायचं की रेकॉर्डच लावत बसले तर आमच्या माणसांना काम कोण देणार. हे लफडं थेट १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत चाललं. मग उरलेला वेळ भरायचा कशाने? तर बँडला बोलवा, दुपारी स्टुडिओत तीन-चार गाणी वाजवून घ्या आणि काही दिवसांनी प्रसारित करा. आकाशवाणीवर कलाकार येऊन पंधरा-वीस मिनिटं गाऊन जायचे ना, तसलंच काहीसं, फक्त इथे ड्रमवर जॉन बोनम.

म्हणजे बघा, युनियनच्या एका नियमामुळे इंग्लंडच्या रॉकचा केवढा मोठा साठा तयार झाला. झेपेलिनला तर याची गरजही होती. ते ब्रिटनमध्ये सिंगल (एका-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढत नव्हते, टीव्हीवर जायला नाखूष, मग नव्या बँडचं नाव लोकांच्या कानावर जाणार कसं? रेडिओ १ वर जॉन पील 'टॉप गिअर' नावाचा कार्यक्रम करायचा, (गाड्यांचा नव्हे, तो वेगळा) त्यात वाजलं की योग्य माणसांपर्यंत पोचलं.

कोणकोणती सेशन्स आहेत?

पहिलं ३ मार्च १९६९ चं, प्लेहाउस थिएटरमध्ये, टॉप गिअरसाठी. तेव्हा त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत येऊन गेला होता पण ब्रिटनमध्ये दुकानात यायचा होता, तो महिन्याच्या शेवटी आला. दुसरं १६ जूनचं, एओलियन हॉलमध्ये, ज्या कार्यक्रमासाठी होतं त्याचं नाव 'ख्रिस ग्रँट्स टेस्टी पॉप संडे'. हा संडे म्हणजे रविवार नव्हे, आइस्क्रीमचा प्रकार. मला हे नाव वाचलं की अजून हसू येतं, आइस्क्रीमच्या नावाचा कार्यक्रम आणि त्यात हे चौघं. तिसरं २४ जूनचं, मेडा व्हेल स्टुडिओ, परत टॉप गिअर. हा स्टुडिओ मुळात चाकांच्या स्केटिंगचा हॉल होता, १९३० च्या दशकात बीबीसीने घेतला. चौथं २७ जूनचं, परत प्लेहाउस, पण या वेळी समोर प्रेक्षक.

हे चौथं महत्त्वाचं आहे. तीन-चार छोट्या गाण्यांत या बँडचं काही दिसत नव्हतं, त्यांची गाणी स्टेजवर दहा-बारा मिनिटं चालायची. तेव्हा जेफ ग्रिफिन नावाच्या प्रोड्युसरने जवळजवळ तासाभराचा, लोकांसमोरचा कार्यक्रम करून बघितला. त्यातूनच पुढे बीबीसीची 'इन कॉन्सर्ट' मालिका उभी राहिली, आणि १९७१ चा पॅरिस थिएटरचा कार्यक्रम त्याच मालिकेतला.

एकच गाणं तीन-तीनदा का आहे? फसवणूक नाही का ही?

'कम्युनिकेशन ब्रेकडाउन' बद्दल विचारताय. हो, तीनदा आहे. 'यू शूक मी' दोनदा, 'आय कान्ट क्विट यू बेबी' दोनदा, 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' दोन सीडींवर मिळून दोनदा, 'होल लोटा लव्ह' पण दोनदा. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं की पैसे पाण्यात गेले, कारण तेव्हा इम्पोर्टेड डबल सीडी म्हणजे महिन्याचा पॉकेटमनी आणि वर आईकडून उसने.

पण तारखा बघा. १६ जून, २४ जून, २७ जून. अकरा-बारा दिवसांत तेच अडीच-तीन मिनिटांचं गाणं तीनदा आणि गिटारवाला जिमी पेज एकदाही तोच सोलो वाजवत नाही. रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) तोच, ठोकाही तोच, पण मधली जागा दर वेळी नवी, आणि गायक रॉबर्ट प्लांटही शेवटाकडे जे काय ओरडतो ते तीन वेळा तीन तऱ्हेचं. आपण ज्यांच्या घरी भीमसेनांचा एकच राग चार मैफलींतला ठेवतात आणि कोणी विचारलं की 'अहो एकच तर आहे' तर घरमालक दुखावतात, त्या घरातली माणसं, आपल्याला तरी हे समजायला हवं. बंदिश तीच, मांडणी वेगळी.

आणि 'यू शूक मी' घ्या. ३ मार्चला ते पाच मिनिटांचं आहे कारण रेडिओची वेळ ठरलेली, आणि २७ जूनला लोकांसमोर दहा मिनिटांच्या वर जातं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मार्च १९६९ मध्ये साडेसहा मिनिटं आणि एप्रिल १९७१ मध्ये साडेअठरा! दोन वर्षांत गाणं जवळजवळ तिप्पट झालं. स्टुडिओ अल्बम ऐकून हे कधीच कळणार नाही.

मग कुठल्या क्रमाने ऐकू?

सीडीवर आहे त्या क्रमाने अजिबात नको, हे माझं ठाम मत. पहिल्या सीडीवर तारखा सरमिसळ केल्यात, मार्चच्या दोन गाण्यांनंतर एकदम जून, मग परत मार्च, मग परत जून. ऐकायला छान लागावं म्हणून केलं असेल पण त्यात सगळी गंमत मारली गेली. मी काय केलं तर फोनवर तारखेप्रमाणे वेगळी प्लेलिस्ट बनवली.

आधी ३ मार्चची तीन: 'यू शूक मी', 'आय कान्ट क्विट यू बेबी', 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'. मग १६ जूनची, म्हणजे पहिलं 'कम्युनिकेशन ब्रेकडाउन', 'द गर्ल आय लव्ह' आणि 'समथिंग एल्स'. मग २४ जूनचं 'व्हॉट इज अँड व्हॉट शुड नेव्हर बी', दुसरं 'कम्युनिकेशन ब्रेकडाउन', 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज' आणि 'होल लोटा लव्ह'. शेवटी २७ जूनची चार, ती सीडीवर सलगच आहेत. असं ऐकलं की कळतं, मार्चमध्ये जरा दबकत दबकत वाजवणारी चार पोरं जूनच्या शेवटी कशी सुसाट सुटलीयेत, आणि मधल्या काळात काय झालं तर अमेरिकेचा दौरा.

अजून एक, २४ जूनला 'होल लोटा लव्ह' वाजवलं तेव्हा ते ज्या दुसऱ्या अल्बमवर आहे तो बाजारात यायला चार महिने होते. म्हणजे रविवारी रेडिओ लावून बसलेल्या माणसाला तो रिफ पहिल्यांदा असा, कसलीही पूर्वसूचना न देता, आदळला असणार. हेवा वाटतो राव.

यातलं कुठलं गाणं दुसरीकडे कुठेच नाही?

त्यांच्या स्टुडिओ अल्बमवर नसलेली तीन. 'द गर्ल आय लव्ह', मुळात स्लीपी जॉन एस्टिस यांचं, आणि याचा रिफ ऐकला की त्यांचंच 'मोबी डिक' आठवेल, तोच कच्चा माल. दुसरं 'समथिंग एल्स', एडी कोक्रनचं रॉक अँड रोल, दोन मिनिटांत धूळ उडवून मोकळं. आणि तिसरं 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज', रॉबर्ट जॉन्सनने १९३७ मध्ये गायलेलं. हे तिसरं खरं तर १९९० च्या बॉक्स सेटमध्ये आधीच येऊन गेलं होतं. पेजची ती घसरत जाणारी स्लाइड गिटार, तिच्या खाली जॉन पॉल जोन्सचा बेस. रेडिओवर एकदा लावण्यासाठी म्हणून अर्ध्या दिवसात केलेलं काम आहे हे, आणि अल्बमवर न आलेलं त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं आहे असं मी बिनधास्त म्हणतो.

१९७१ चं अल्बम म्हणून १९९७ मध्ये का? २६ वर्षं काय करत होते?

पहिलं म्हणजे बीबीसीला हे जपून ठेवायचं नव्हतंच. रेडिओसाठीचं रेकॉर्डिंग म्हणजे आजची भाजी, आज शिजवायची आज संपवायची. युनियनच्या करारामुळे एकदा-दोनदा लावलं की परत लावायला पैसे मोजावे लागायचे, टेप महाग, ठेवायला जागा नाही, मग पुसायची आणि त्याच्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड करायचं. बीटल्सची कितीतरी सेशन्स अशीच गेली. जी वाचली त्यातली बरीच परदेशी रेडिओ स्टेशनांना पाठवायला ज्या वेगळ्या डिस्क काढायचे त्यामुळे वाचली, नाहीतर घरी टेपरेकॉर्डर घेऊन बसलेल्या लोकांमुळे.

त्यात झेपेलिनवाले स्वतःच्या जुन्या मालाच्या बाबतीत हट्टी. १९८० मध्ये बोनम गेला, बँड बंद, १९८२ मध्ये उरलंसुरलं 'कोडा' नावाने काढलं आणि मग जिमी पेज बसला एकेका टेपवर नागोबासारखा. तोपर्यंत बुटलेगवाल्यांचा धंदा जोरात, या बीबीसीच्या रेकॉर्डिंगच्या चोरट्या एलपी सत्तरच्या दशकापासून फिरत होत्या. अधिकृत अल्बम आला तेव्हा जुन्या चाहत्यांना सगळं पाठ होतं, त्यांना फक्त स्वच्छ आवाजात हवं होतं.

ते 'हरवलेलं सेशन' काय प्रकरण आहे?

हे माझं आवडतं. १९६९ च्या मार्चमध्येच त्यांनी बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिससाठी एक सेशन केलं होतं, अलेक्सिस कॉर्नर हे ब्रिटिश ब्लूजचे (ब्लूज म्हणजे मुळात अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत) बुजुर्ग तो कार्यक्रम करायचे, एप्रिलमध्ये तो प्रसारित झाला. मूळ टेप गायब. १९९७ च्या अल्बममध्ये म्हणूनच ते नाही. पण कुठल्यातरी श्रोत्याने त्या दिवशी रेडिओवरून ते टेप करून ठेवलं होतं, आणि २०१६ मध्ये 'द कम्प्लीट बीबीसी सेशन्स' काढताना पेजने शेवटी तेच वापरलं. त्यातलं 'सनशाइन वुमन' नावाचं गाणं बँडने परत कधीच कुठे रेकॉर्ड केलं नाही.

आवाज खरखरीत आहे, मधूनच दबतो, वर्ल्ड सर्व्हिस म्हणजे शॉर्टवेव्ह हे लक्षात घ्या. पण मला तो आवाज ओळखीचा वाटतो. आमच्याकडे एक टू-इन-वन होता, मामा त्याच्यावर आकाशवाणीवरचं नाट्यसंगीत टेप करायचा, स्पीकरसमोर उशी, घरात सगळ्यांना बोलायची बंदी, प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबायची. एका कॅसेटमध्ये ऐन तानेवर आजीच्या कुकरची शिट्टी आहे. मामा वैतागला होता तेव्हा, आता कॅसेट लावली की सगळे त्या शिट्टीची वाट बघतात. इंग्लंडात का कुठे कोण जाणे, पण असाच कोणीतरी बटणं दाबून बसला होता म्हणून 'सनशाइन वुमन' आहे.

१९९७ चा घेऊ की २०१६ चा?

२०१६ चा. तीन सीडी, विनाइलवाल्यांसाठी पाच एलपी, आवाज नव्याने मास्टर केलाय, हरवलेलं सेशन आहे, आणि १९६९ व १९७१ च्या कार्यक्रमांतला उरलेला मालही तिसऱ्या सीडीवर आहे. स्ट्रीमिंगवरही आहे. माझ्याकडे १९९७ चा आहे तो मी टाकणार नाही, पण ते प्रेम आहे, सल्ला नाही.

आवाज कसा आहे? मोनो आहे म्हणतात.

१९६९ ची स्टुडिओ सेशन्स मोनो, १९७१ चा कार्यक्रम स्टिरिओ. मोनोला घाबरू नका. बोनमचा किक ड्रम मधोमध छातीवर येतो ते जास्त भारी लागतं, फक्त हेडफोनपेक्षा स्पीकरवर ऐका. फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांशी मी या विषयावर बोलत नाही.

'स्टेअरवे टू हेवन' रेडिओवर पहिल्यांदा इथेच वाजलं का?

हो, ४ एप्रिल १९७१ च्या प्रसारणात. ज्या अल्बमवर ते आहे तो आला ८ नोव्हेंबरला, म्हणजे सात महिने आधी. स्टेजवर पहिल्यांदा त्याच वर्षी ५ मार्चला बेलफास्टला वाजवलं होतं आणि तिथे लोक चक्क कंटाळले होते, ओळखीचं काहीतरी कधी वाजवतायत याची वाट बघत होते, असं जॉन पॉल जोन्सनेच पुढे सांगितलंय.

मुळात पॅरिस थिएटरचा कार्यक्रम २५ मार्चला ठरला होता, प्लांटचा आवाज बसला म्हणून आठवडाभर पुढे ढकलला. ऐकताना हे लक्षात ठेवा, 'इमिग्रंट साँग' च्या त्या सुरुवातीच्या आरोळीला तो नुकताच बरा झालेला घसा पणाला लावतोय. 'स्टेअरवे' सुरू होतं तेव्हा प्रेक्षकांतून काही ओळखीचा आवाज येत नाही, शिट्ट्या नाहीत, कारण कोणाला माहितीच नाही काय येणारे! आज गिटारच्या दुकानात पोरगं पहिले चार स्वर वाजवायला लागलं की मालक कपाळाला हात लावतो, आणि हे लोक ते गाणं पहिल्यांदा ऐकतायत, शांतपणे. त्याच्या पाठोपाठ 'गोइंग टू कॅलिफोर्निया' येतं, जोन्स मँडोलिन घेऊन, आणि चारशे माणसांची खोली किती छोटी आहे ते तेव्हा ऐकू येतं.

'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मध्ये मधे व्हायोलिन कोण वाजवतं?

कोणी नाही. पेज व्हायोलिनचा गज गिटारच्या तारांवर फिरवतो.

हे सगळं काळ्या लोकांच्या ब्लूजवरून ढापलेलं आहे असं ऐकलं.

त्यात तथ्य आहे आणि चाहता म्हणून लपवण्यासारखं काही नाही. 'यू शूक मी' आणि 'आय कान्ट क्विट यू बेबी' ब्लूजचे गीतकार विली डिक्सन यांची, तिथे त्यांचं नाव पहिल्यापासून दिलंय. पण 'होल लोटा लव्ह' वर दिलं नव्हतं, डिक्सननी १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं आणि नाव आलं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' जेक होम्स नावाच्या गायकाचं १९६७ चं, त्याने २०१० मध्ये दावा केल्यावर आता त्याच्यापासून प्रेरित असं लिहितात. वाजवलंय अफाट, पण नाव द्यायला कोर्टाची पायरी चढायला लावली हेही तितकंच खरं.

१९७१ नंतर बीबीसीवर का वाजवलं नाही?

गरज संपली. रेडिओने जे काम करायचं होतं ते करून झालं होतं, पुढे सगळी स्टेडियमं.

आपल्या मुंबईशी यांचं काय कनेक्शन आहे? की ती अफवा?

अफवा नाही. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानचा दौरा संपवून पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी स्टुडिओत रेकॉर्ड केली, सारंगी, तबला वगैरे. त्याच वर्षी कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोत स्टेजवर चढून वाजवलंही होतं. ते मुंबईचं रेकॉर्डिंगसुद्धा असंच दाबून ठेवलेलं, २०१५ मध्ये 'कोडा' च्या मोठ्या आवृत्तीत बाहेर आलं. म्हणजे ४३ वर्षं! त्याच्यापुढे बीबीसीवालं लवकरच आलं म्हणायचं. पण ते या अल्बममध्ये नाही, दोन्हीची गल्लत करू नका, मला फोन करून 'सीडीवर मुंबईचं गाणं सापडत नाही' म्हणणारे दोघंजण झालेत आत्तापर्यंत.

मी झेपेलिन कधीच ऐकलं नाही, इथून सुरुवात करू का?

नको. आधी पहिले चार अल्बम ऐका, मूळ चीज माहीत असल्याशिवाय फिरत कशी जाते ते कळणार नाही. मग एका रविवारी दुपारी २४ जूनची चार गाणी लावा, जेवण झाल्यावर, पंखा बारीक करून.

तुमची सीडी ऐकायला मिळेल का?

घरी येऊन, हो. न्यायला नाही. मागच्या वेळी दिली ती आठ महिन्यांनी परत आली, केस कोणत्यातरी दुसऱ्याच सीडीची होती, आणि दुसऱ्या सीडीवर 'थँक यू' च्या मधे चरा पडलाय, जोन्सचा ऑर्गन सुरू होतो आणि तिथेच अडकतो.